काडतूस निवडायचे कुणी?

दिवाळीच्या सुटीत कोल्हापूरला बहिणीकडे गेलो होतो. रात्रीची जेवणे झाल्यावर भाचीने दप्तरातून चार कागद काढले आणि माझ्यासमोर सतरंजीवर एकाशेजारी एक मांडले. वहीच्या पानाएवढे कागद, मध्ये काळे वर्तुळ आणि त्या वर्तुळाच्या पोटात भोके. ''मामा, तुम्ही सांगा बघू, यातलं सगळ्यांत महाग काडतूस कुठलं?''

पहिल्या कागदावर दहा गोळ्यांचे मिळून एकच भोक होते, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या; रुपयाच्या नाण्याखाली सहज झाकले असते. दुसऱ्यावर तेच जरा सैल. तिसऱ्यावर भोके उभी पसरलेली, खालीवर. चौथ्यावर आठ गोळ्या एकत्र आणि दोन घोळक्यातून फुटून भलतीकडे. मी अर्थातच पहिल्या कागदावर बोट ठेवले. पोरगी हसली. सर्वांत महाग होता तो तिसरा. पहिल्याची किंमत त्याच्या जवळजवळ निम्मी. रायफल तीच, नेम धरणारी तीच, सकाळ तीच. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून ५० मीटरवर एकामागून एक चाळीस गोळ्या झाडलेल्या. बदलले होते ते फक्त काडतूस.

मी स्वतः नेमबाज नाही. कॉलेजात एनसीसीची रायफल दोन-तीनदा खांद्याला लावली आणि पुढे आठवडाभर खांदा चोळत बसलो, एवढीच माझी पुण्याई. पण भाचीमुळे गेली चार वर्षे या खेळाच्या मागच्या अंगणात वावरतो आहे आणि त्या चार कागदांनी मला जे दाखवले ते आपल्याकडच्या पदकांच्या गप्पांत कधी येत नाही, म्हणून हा प्रपंच.

१ ऑगस्ट २०२४ ची दुपार आठवा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत उभा होता आणि इकडे कोल्हापूर जिल्ह्यात माणसे दुकानातल्या टीव्हीसमोर दाटी करून होती. त्याला कांस्यपदक मिळाले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मध्ये बहात्तर वर्षे गेली. मिरवणुका निघाल्या, सत्कार झाले, रेल्वेतल्या तिकीट तपासनिसाची जिद्द, त्याची एकाग्रता, त्याचा योग यांवर रकानेच्या रकाने भरले. सगळे खरेच होते. पण आकडे जरा जवळून पाहा. अंतिम फेरीत त्याने ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण मिळवले, म्हणजे दर गोळीला सव्वादहापेक्षा किंचित जास्त. त्याआधीच्या पात्रता फेरीत त्याचे ६०० पैकी ५९० गुण होते आणि तो सातवा आला. आपलाच दुसरा नेमबाज ऐश्वर्यप्रताप सिंग तोमर याचे गुण ५८९. तो अकरावा आला आणि बाहेर गेला. एका गुणाचा फरक. एक गोळी.

ती एक गोळी म्हणजे किती, हे समजून घेतले पाहिजे. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे, शर्टाच्या बटणाएवढा. गोळीची कड त्या रेषेला शिवली तरी दहा मिळतात. हिशेब असा पडतो की गोळीचा मध्य केंद्रापासून आठ मिलिमीटरच्या आत असला तर दहा, त्याबाहेर गेला की पात्रता फेरीत सरळ नऊ. मधले काही नाही. अंतिम फेरीत दशांश मोजतात आणि तिथे दर ०.८ मिलिमीटरला एक दशांश जातो. पन्नास मीटर म्हणजे पंधरा-सोळा मजली इमारतीची उंची आडवी घातली तर होईल एवढे अंतर. तिथून बटण फोडायचे; गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून.

आंतरराष्ट्रीय रायफल नेमबाजीत अंतरे तीन. दहा मीटरला हवेच्या दाबाची बंदूक आणि छर्रा. तीनशे मीटरला मोठे काडतूस. या दोहोंच्या मधले हे पन्नास मीटर आणि त्यासाठी नियमाने एकच काडतूस ठरलेले: ५.६ मिलिमीटरचे, ज्याला रेंजवर सगळे 'पॉइंट टू-टू' म्हणतात. १८८७ साली अमेरिकेत जन्मलेले हे काडतूस अजून मूळ रूपात चालू आहे. तेव्हा कुणी म्हणेल, प्रकार एकच असताना निवडायचे काय? मीही तेच विचारले होते.

हे काडतूस हातात घेतले तर लहान बोटाच्या दोन पेरांहून मोठे नाही. पितळेची टोपी, तिच्या तोंडात अडीच ग्रॅमच्या आसपासची मऊ शिशाची गोळी, तिला मेणचट वंगण. आत चिमटीभर दारू. गंमत तिच्या बुडाशी आहे. मोठ्या काडतुसात ठिणगी पाडणारे स्फोटक मधोमध वेगळ्या टिकलीत बसवलेले असते. इथे ते टोपीच्या कडेच्या पोकळ घडीत असते. ओला लगदा टोपीच्या तळाशी घालून ती गरगरा फिरवतात, म्हणजे तो कडेला जाऊन बसतो. कुठे कणभर जास्त, कुठे कणभर कमी. आणि मोठ्या काडतुसासारखे घरी दारू तोलून, हवी ती गोळी बसवून आपल्या रायफलीला जुळते काडतूस बनवण्याची सोय इथे नाही. कारखान्याने दिले ते घ्यायचे.

आता त्या कणभराचा परिणाम. गोळी नळीतून साधारण सेकंदाला ३३० मीटर वेगाने निघते आणि पन्नास मीटर जायला तिला सेकंदाचा सहावा हिस्सासुद्धा लागत नाही. पण तेवढ्यात ती बारा सेंटिमीटर खाली येते. वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला, तर पडण्यात सहा-सात मिलिमीटरचा फरक पडतो. आठ मिलिमीटरवर दहाची हद्द संपते हे लक्षात घ्या. तिसऱ्या कागदावरची उभी पसरलेली भोके हीच होती: नेम चुकलेला नव्हता, वेग सारखा नव्हता.

मग वेगवान काडतूस घ्या, लवकर पोहोचेल, कमी पडेल. हाही माझाच प्रश्न. भाचीच्या सरांनी माझ्याकडे दयेने पाहिले. ''अहो, आवाजाचा वेग सेकंदाला तीनशे चाळीस मीटर. गोळी त्याच्या वर गेली की हवा तिला फार जोरात अडवते. स्पर्धेची गोळी मुद्दाम त्याच्या खाली ठेवतात.'' ही गोष्ट मला फार आवडली. बाजूचा वारा गोळीला किती ढकलणार हे ती किती वेळ हवेत आहे यावर नव्हे, तर हवेने तिचा किती खोळंबा केला यावर ठरते. म्हणून या जातीची वेगवान गोळी संथ गोळीपेक्षा वाऱ्याने जास्त वाहते. आणि संथ गोळीसुद्धा काही कमी नाही. झाडाचे पान जेमतेम हलेल अशा, सेकंदाला एक मीटरच्या आडव्या वाऱ्यातही ती सहाएक मिलिमीटर सरकते. रेंजवर त्या लहान लहान पताका लावलेल्या असतात त्या शोभेसाठी नव्हेत.

पण मग महागडे काडतूस मार का खाते? इथे नळी येते. चाप ओढल्यावर पोलादाची ती जाड नळी वेताच्या छडीसारखी थरथरते. डोळ्याला दिसत नाही, पण गोळी बाहेर पडते त्या क्षणी तोंड वर चालले आहे की खाली, यावर बरेच अवलंबून असते. तोंड वर जात असताना संथ गोळी जरा उशिरा सुटली तर ती जरा वरच्या कोनात सुटते आणि तिचे जास्त पडणे भरून निघते. म्हणजे काडतुसाचा दोष नळी झाकते. दुसऱ्या नळीत हेच उलटे होते. म्हणून प्रत्येक नळीची आवड वेगळी, अगदी एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या दोन जुळ्या नळ्यांचीसुद्धा.

आणि आवड कंपनीची नसते, लॉटची असते. एका जुळणीत, एकाच दारूच्या साठ्यातून यंत्रावर निघालेली काडतुसे म्हणजे एक लॉट. त्याचा क्रमांक डब्यावर छापलेला असतो. यंत्राची हत्यारे झिजली, दारू बदलली, की दुसरा लॉट. काही कारखान्यांत तर एकाच ओळीवर बनलेला माल चाचणी घेऊन वेगवेगळ्या नावांच्या आणि किमतींच्या डब्यांत भरतात. त्यांच्या चाचणीच्या नळीला जो आवडला तो वरच्या डब्यात. पण तुमची नळी त्यांची नळी नाही. लग्नाच्या बाजारात हे आपल्याला चांगले कळते. पत्रिका उत्तम, घराणे उत्तम आणि तरी जमत नाही.

जगातल्या बड्या नेमबाजांनी यावर उपाय काढलेला आहे. जगात या दर्जाची काडतुसे बनवणारी नावे बोटांवर मोजण्याइतकी. इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ एली, जर्मनीत न्यूरेम्बर्गशेजारच्या फ्युर्थला आरडब्ल्यूएस आणि फिनलंडची लापुआ, जिची ही छोटी काडतुसे जर्मनीत शोनेबेकला तयार होतात. नेमबाज आपली रायफल घेऊन तिथे जातो. रायफल शिकंज्यात घट्ट आवळतात आणि एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडत जातात. माणसाचा हात नाही, श्वास नाही, नाडीचा ठोका नाही. उरते फक्त नळी आणि काडतूस. ज्या लॉटचे भोक सर्वांत लहान तो बाजूला काढतात, पुढच्या दोन-तीन वर्षांना पुरेल एवढा उचलतात आणि घरी नेतात. आपल्याकडचे वरच्या फळीतले नेमबाजही हे करतात. केंद्र सरकारच्या 'टॉप्स' योजनेसारखी मदत त्यांच्या पाठीशी असते आणि ती असलीच पाहिजे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत याच प्रकारात आपल्या पुरुषांनी सांघिक आणि सिफ्त कौर समराने वैयक्तिक सुवर्ण जिंकले, ते पावसाच्या नक्षत्रासारखे आभाळातून पडलेले नाही.

(बर्मिंगहॅमवरून आठवले. २०२२ ची राष्ट्रकुल स्पर्धा तिथे झाली आणि तिच्यातून नेमबाजी वगळली होती. ज्या गावाच्या वेशीवर जगातले नामांकित काडतूस बनते त्या गावातच! आपली किती पदके त्यात गेली याचा हिशेब तेव्हा सगळ्यांनी केला. या विनोदाकडे मात्र कुणाचे लक्ष गेले नाही.)

प्रश्न त्या वरच्या फळीचा नाही. खालच्या फळीचा आहे. भाचीसारख्या मुली, ज्या जिल्ह्यातून राज्यात, राज्यातून मावळंकर स्पर्धेत आणि तिथून राष्ट्रीयला जायच्या खटपटीत असतात. ही मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांच्या नावाची. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली निघाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच होते. आपल्या मुली आपल्याच माणसाच्या नावाच्या उंबऱ्यावर अडखळतात, असे मला कधी कधी वाटते.

या मुलींना काडतूस निवडता येत नाही. काडतूस त्यांना निवडते. आयात परवान्याने होते, वाटप कोट्याने होते, येईल तो लॉट घ्यायचा. भाचीने ते चार कागद दाखवले त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही, जिथून ती काडतुसे घेते तिथे, पहिल्या कागदावरच्या लॉटची चौकशी केली. उत्तर आले की तो माल संपला. त्याच नावाचा, त्याच किमतीचा दुसरा लॉट आहे, हवा तर घ्या. ''एकच असतंय ते, डब्यावर नाव तेच आहे की.'' समोरच्या माणसाचा दोष नाही. त्याच्या वहीत लॉटचा रकानाच नव्हता.

पैशाचे गणितही सांगून टाकतो. परदेशात वरच्या प्रतीचा पन्नास काडतुसांचा डबा वीस डॉलरच्या पुढे जातो, म्हणजे एका गोळीला पस्तीस रुपयांच्या वर. इथे पोहोचेपर्यंतचा खर्च आणखी. महिन्याला दोन हजार गोळ्यांचा सराव धरला, आणि वरच्या पायरीला तो फार नव्हे, तर सत्तर हजार रुपये झाले. कोण घालणार? म्हणून घरोघरी एकच युक्ती चालते: सराव स्वस्त गोळीने, स्पर्धा महाग गोळीने. ऐकायला शहाणपणाचे. पण गोळी बदलली की मार बसायची जागा बदलते, खटका वेगळा लागतो आणि ज्या महाग गोळीवर भरवसा ठेवला ती आपल्या नळीला मानवते की नाही हे स्पर्धेच्या सकाळी कळते. २०२२ पासून युक्रेनच्या युद्धामुळे युरोपातल्या दारूगोळ्याच्या धंद्यावर लष्करी मागणीचा ताण आला, दारूसाठी लागणाऱ्या नायट्रोसेल्युलोजची चणचण झाली. कुठले डोन्बासचे खंदक आणि कुठली कोल्हापुरातली कॉलेजकुमारी. पण साखळीची कडी एकच. शिशावरही युरोपात निर्बंधांचे वारे आहेत. पाणथळ जागांत शिशाच्या छर्ऱ्यांना फेब्रुवारी २०२३ पासून तिथे मनाई झाली. स्पर्धेच्या गोळीला शिशाइतका चांगला पर्याय अजून कुणाला सापडलेला नाही.

तीनशे मीटरकडे वळावे तर तिथे निवड नावाची गोष्ट खरोखर आहे. सहा मिलिमीटरची हलकी, लांबट गोळी घ्यायची की ७.६२ ची जड, यावर परदेशी नेमबाज रात्र रात्र वाद घालतात. हलकीचा धक्का कमी, त्यामुळे साठ गोळ्यांनंतर खांदा ठिकाणावर राहतो, आणि लांबट आकारामुळे वाऱ्यातही ती टिकते. तिथे आज हलकीचाच पगडा आहे. पण आपल्याकडे ७.६२ हे लष्कराचे माप, सामान्य परवान्याला निषिद्ध. शिवाय १९७२ नंतर तीनशे मीटर ऑलिंपिकमध्ये नाही. तेव्हा तो विषय इथेच सोडतो.

कायदा कडक आहे याबद्दल माझी तक्रार नाही. काडतूस म्हणजे साखर नव्हे, शेजारणीकडून वाटीभर उसनी आणायला. एकूण एक गोळीचा हिशेब राहिला पाहिजे, आणि ज्या देशात लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे अजून आहेत तिथे तर राहिलाच पाहिजे. फेब्रुवारी २०२० मध्ये गृह मंत्रालयाने नेमबाजांसाठी काडतुसांच्या मर्यादा वाढवल्या, ते चांगले झाले. पण किती गोळ्या याची चिंता सरकारने केली. कुठल्या गोळ्या, ही चिंता कुणाचीच नाही. लॉटचा क्रमांक मागणीपत्रात लिहिल्याने कायदा काही सैल होत नाही. आधी प्रत्येक लॉटचे थोडे नमुने मागवावेत, जिल्ह्याजिल्ह्यातल्या मुलांनी एका ठिकाणी येऊन आपापल्या रायफलीतून ते झाडून पाहावेत आणि मग मोठी मागणी नोंदवावी, एवढेच. त्यासाठी पोलादी शिकंजा लागतो आणि तो पक्का बसवायला सिमेंटचा ओटा. मी पाहिलेल्या तीन-चार लहान रेंजवर तो कुठे दिसला नाही. सत्काराच्या एका मांडवाच्या खर्चात होईल असे काम आहे.

आणि एक गोष्ट मला पुण्याला गेलो की हमखास डाचते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. २०२१ मध्ये आयुध निर्माण्यांच्या कंपन्या झाल्या, तेव्हा दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आले. तिथून बालेवाडीची रेंज दहा-बारा किलोमीटर. लाखो गोळ्या बनवणाऱ्या या देशात पॉइंट टू-टू काडतूसही बनते. पण बालेवाडीत स्पर्धेला उभी राहिलेली मुले नळीत घालतात ते बर्मिंगहॅमचे नाहीतर फ्युर्थचे. लष्कराला हवी ती गोळी आणि बटण फोडणारी गोळी यांत फरक आहे, हे मान्य. लष्कराची गोळी चिखलात, उन्हात, बर्फात उडाली पाहिजे. ही गोळी एकीसारखी दुसरी निघाली पाहिजे. ते वेगळे कसब आहे आणि त्या परदेशी कारखान्यांनीही ते एका वर्षात कमावलेले नाही. पण सुरुवात सरावाच्या गोळीपासून करता येईल की. निदान सत्तर हजारांतले चाळीस तरी वाचतील, आणि कोल्हापूरच्या उन्हात तपासलेली गोळी कोल्हापूरच्या उन्हात वापरता येईल.

हे सगळे ऐकून कुणा हौशी पालकाने उद्या मुलाच्या पहिल्याच महिन्यात जर्मन काडतुसांचा हट्ट धरू नये. सरांचे म्हणणे स्पष्ट आहे: ''ज्याचा स्वतःचाच ग्रुप पेल्याएवढा पडतो त्यानं काडतुसाची चिकित्सा करू नये. आधी श्वास, मग चाप, मग वारा. काडतूस शेवटी.'' पण शेवट येतो तेव्हा ते यायलाच हवे.

गेल्या राज्य स्पर्धेत भाची दोन गुणांनी मागे राहिली. काडतुसामुळे राहिली असे मी म्हणणार नाही. तीही म्हणत नाही. उभ्या पोझिशनमध्ये घाई झाली, असे तिने घरी आल्या आल्या सांगितले आणि ताटावर बसली. मात्र त्या दिवशी नळीत जे होते त्याचे कागद तिने नंतर वाळूच्या पिशवीवरून काढून पाहिले, तो चौथा कागद. आठ एकत्र, दोन भलतीकडे. त्या दोन गोळ्या साठांत कुठे कुठे निघाल्या असतील, हे आता कोण सांगणार?

पहिल्या कागदावरच्या लॉटचे तिच्या नावावर क्लबच्या कपाटात दोन डबे उरले आहेत. शंभर गोळ्या. स्पर्धेला साठ लागतात, वर अंदाज घ्यायच्या पाच-दहा, अंतिम फेरी गाठली तर आणखी. एका स्पर्धेपुरते झाले. डब्यांवर सरांनी काळ्या पेनाने लॉटचा क्रमांक ठळक लिहून ठेवला आहे. आता पुढची निवड चाचणी की मावळंकर, कुठे उघडायचे ते डबे, यावर घरात रोज चर्चा चालते. माझे मत विचारले होते. मी मावळंकर म्हणालो. तिने अजून ठरवलेले नाही.